हजेरीवहीतली नावं

दळवींच्या दुकानासमोर टेम्पो उभा राहिला आणि गाईडांचे गठ्ठे उतरायला लागले की समजायचं, मार्च आला. सुतळीनं आवळलेले गठ्ठे, त्यांच्यातून येणारा कच्च्या शाईचा वास, दारात पालकांची झुंबड. "दहावी सेमी आहे हो, सेमीचं द्या!" काउंटरमागून दळवींच्या टकलाचा फक्त वरचा तुकडा दिसतो. शेजारच्या चक्कीचा घरघराट दिवसभर चालू. वारा खाडीकडून फिरतो आणि त्याच्यासोबत सुकत घातलेल्या जवळ्याचा वास सेक्टरांच्या गॅलऱ्यांत शिरतो. मग सोसायटीतल्या बायका खिडक्या लावून घेतात.

मी चार वर्षं झाली, त्या रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथनं जाते.

मागच्या आठवड्यात इथल्या एका सांस्कृतिक मंडळाचे गृहस्थ घरी आले. शहराच्या वाटचालीवर स्मरणिका काढतायत. म्हणाले, "दळवींकडच्या त्या रम्य वाचन-संध्या! तुम्ही होतात ना तिथे? एक छानसा ललित लेख द्या. हलकाफुलका. लोकांना बरं वाटेल असा."

रम्य! मी हो म्हटलं. हा तोच लेख. बरं वाटेल असा नाही झालेला. नको असेल तर ही पानं एखाद्या बिल्डरला द्यावीत, तो आनंदानं जाहिरात देईल.

तर, वाचन. दर चौथ्या शनिवारी पाच वाजता. वाशीतल्या सेक्टरच्या दुकानांच्या रांगेत एक गाळा, एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला पिठाची चक्की. दळवी मूळचे सावंतवाडीकडचे, मुंबईच्या छापखान्यात प्रुफं तपासण्यात आयुष्य गेलेलं. निवृत्तीनंतर मुलांनी सांगितलं, फंडाचे जे मिळालेत ते बँकेत टाका. त्यांनी पुस्तकांचं दुकान टाकलं. मुंबईहून, ठाण्याहून, कधी पुण्याहून ते लेखक बोलावून आणायचे. लेखक मोडत्या स्टुलावर बसायचा, आम्ही वरच्या क्लासमधून आणलेल्या बाकांवर. दळवीकाकी वरून किटली घेऊन यायच्या. आणि चक्कीवाला शेठ तासभर चक्की बंद ठेवायचा. त्याला मराठी साहित्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. "काका बोलतो ना, बस," एवढंच. त्या अचानक पडलेल्या शांततेत हवेतलं पीठ हळूहळू खाली बसायचं. दुकानातल्या सगळ्या कवितासंग्रहांवर पिठाचा थर असायचा. कविता विकत घेणारा पहिल्यांदा फुंकर मारायचा.

दोन नियम होते. एक, पहिला प्रश्न विचारायचा तो ज्याचं एकही पुस्तक निघालेलं नाही त्यानं. दोन, आत येणाऱ्यानं हजेरीवहीत पूर्ण नाव लिहायचं, पत्ता लिहायचा आणि सध्या काय वाचतोय ते लिहायचं. लाल कापडी पाठीची लांबट वही. लोक मोठ्या हौसेनं लिहायचे. नव्या शहरात कुणी कुणाला ओळखत नव्हतं. सगळे कुठून कुठून आलेले, साताऱ्याहून, रत्नागिरीहून, गिरगावातून, आणि प्रत्येकाच्या दारावर फक्त फ्लॅटचा नंबर. इथे निदान कुणीतरी नाव विचारत होतं. एका निवृत्त साहेबांनी 'सध्या काय वाचता' खाली लिहिलं होतं, 'सोसायटीचे बाय-लॉज'. दळवींनी त्यांच्या चहात जास्तीची साखर घातली.

सुमनताई आली ती वाचनाला नाही. मुलीसाठी जुनी पाठ्यपुस्तकं बघायला आली होती आणि वाचन सुरू झाल्यामुळे दारातच अडकली. खाडीच्या कडेच्या जुन्या गावातली. गावाचं नाव आणि तिचं आडनाव इथे लिहिणार नाही, त्याचं कारण पुढे येईल. आतले लेखक नावाजलेले होते. समुद्राकाठच्या एका बाईची कथा वाचत होते. त्यातली बाई ओहोटीच्या चिखलात अनवाणी उतरते, दूर चालत जाते आणि मन हलकं करून परत येते. वाचन संपलं. दळवी म्हणाले, "पहिला प्रश्न?"

दारातून आवाज आला. "त्या बायच्या पायान काय होता?"

"म्हणजे?"

"अनवानी उतरली त कालवांच्या शिंपांनी पाय कापतात. सुरीवानी धार असते त्यांना. ती परत आली कशी चालत?"

लेखक हसले. छान हसले. म्हणाले, "अहो ताई, तो चिखल प्रतीकात्मक आहे."

"बरा हाय," दळवी स्टुलामागून म्हणाले, "प्रतीकाचे पाय कापणत नाय."

सगळं दुकान हसलं. सुमनताई हसली नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. दळवींनी तिला बाकावर बसायला जागा करून दिली आणि चहा देताना विचारलं, "तू लिवतंस काय गो?"

"लिवते थोरा. पोरीच्या वहीच्या मागच्या पानांवर."

त्यानंतर ती येत राहिली, आणि हजेरीवहीत गोल, शाळकरी अक्षरात नाव लिहीत राहिली. सौ. सुमन बाळाराम, पुढे आडनाव, पुढे गाव. काय वाचता, या रकान्यात पहिल्यांदा लिहिलं 'काय नाय'. दुसऱ्यांदा एका जाड कादंबरीचं नाव, आणि पुढे कंसात 'अर्दी'.

माझं तेव्हाचं सांगायचं तर मी बावीस वर्षांची होते आणि मला सगळं ठाऊक होतं. खाडी वाचवायच्या एका समितीत काम करायचे. काम म्हणजे पत्रकं. मला बाकी काही लिहिता येत नाही असं लोक म्हणतात, आणि ते खरंय. मी शाळेतल्या निबंधापेक्षा जास्त पत्रकं लिहिलीयेत. मथळा प्रश्नार्थक ठेवायचा. पहिल्या ओळीत 'बंधू-भगिनींनो' नाही, सरळ आरोप. आणि खाली नावं. जितकी जास्त नावं तितकं पत्रक वजनदार. समितीतले थोरले म्हणायचे, "बिननावाचं पत्रक म्हणजे बिनबापाचं पोर. कोण घरात घेणार?" रात्रंदिवस आम्ही नावं गोळा करायचो, जशी पोरं काड्यापेटीची चित्रं गोळा करतात.

फेब्रुवारीच्या चौथ्या शनिवारी, गाईडं यायच्या आधीच्या शेवटच्या वाचनाला, दळवींनी सुमनताईला स्टुलावर बसवलं. दुकान भरलं होतं. तिनं दोनशेपानी वही उलटी धरली, कारण तिचं लिखाण मागून सुरू व्हायचं. पुढे मुलीचा भूगोल, मागे हिची खाडी. वाचताना मान वर केली नाही.

काय वाचलं तिनं? सासूबरोबर जायची तेव्हाची खाडी. निवट्या मासळ्या कशा चिखलावर उड्या मारायच्या, डोळे वर काढून बघायच्या, शेजारच्या भोचक बाईसारख्या. मिठागरात मार्चात मीठ धरायला लागलं की पायाखाली कसं कुरकुरतं. आणि मग एका वर्षी सासूनं घरी केलेलं कालवण तोंडाला लावून बाजूला सारलं. मासळीला घासलेटाचा वास. दुसऱ्या दिवशी परत. सासूनं मसाल्याचा डबा धुतला, भांडी धुतली, हात धुतले, सुनेला शिव्या दिल्या की तूच कुठेतरी रॉकेल सांडलंस. वास काही जाईना. शेवटी म्हातारी ओट्यावर बसून म्हणाली, आता मासलीच अशी जन्माला येते. एवढंच. कुणाचं नाव नाही, कुणावर आरोप नाही. वाचून झाल्यावर तिनं वही मिटली आणि पदरानं कपाळ पुसलं.

कुणी टाळी वाजवली नाही. एक प्राध्यापिका बाई रडत होत्या. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "वा. अगदी वा." मी काय करत होते? मी मनात मथळा जुळवत होते.

चार दिवसांत पत्रक तयार. 'खाडी कोण मारतंय?' गुलाबी कागद. मध्ये चौकटीत सुमनताईच्या तोंडचे शब्द, जमले तसे आठवून. खाली नावं हवी होती. आणि मला आठवली ती लाल पाठीची वही. त्या शनिवारी दुकानात जे जे बसले होते त्यांनी ऐकलं होतं, हळहळले होते, एक बाई तर रडल्या होत्या. म्हणजे ते आमच्या बाजूचेच. मी दळवी जेवायला वर गेले असताना वही उघडली आणि सगळी नावं उतरवून घेतली. पत्त्यासकट. दळवींचंही घातलं. विचारायचं? कुणाला? का? चोरीबिरी करतेय असं मला क्षणभरही वाटलं नाही. लोकांची नावं लोकांच्या कामाला लावतेय, असं वाटलं.

एक गोष्ट विचारून केली. कारखान्यांची नावं छापावीत का, हे समितीनं वकिलाला विचारलं. वकील म्हणाले, मानहानीचा दावा होईल. म्हणून कारखान्यांची नावं गाळली. बाईचं नाव छापायच्या आधी आम्ही कुठल्याच वकिलाला विचारलं नाही.

पत्रकं आम्ही स्टेशनांबाहेर वाटली आणि मोठा पराक्रम म्हणून सकाळच्या पाळीला तळोज्यात, कारखान्यांच्या गेटांवर वाटली. मी स्वतः उभी होते. ऊन चढायच्या आधीचा तो केमिकलचा गोडूस वास, सायकलींची रांग, डब्यांचे खडखडाट. माणसं कागद घ्यायची, घडी करून खिशात टाकायची. मला वाटलं, क्रांती खिशाखिशातून आत चाललीये.

सुमनताईचा नवरा त्याच गेटांपैकी एका गेटातून आत जायचा, हे मला माहीत नव्हतं. ठेकेदाराचा माणूस. कायम नाही. आपल्याकडे बाईचं नाव छापलं की नवऱ्याचं आपोआप छापलं जातं, बरोब्बर मधोमध. त्याच्यापुढे गाव. सुपरवायझरला चहा पिता पिता फार शोधावं लागलं नाही. "बाळाराम, ही सुमन तुझी बायको काय रे?" तो हो म्हणाला. नाही कसं म्हणणार? संध्याकाळी ठेकेदारानं सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

तो दुकानात आला तेव्हा दुपार होती. मी दळवींना गाईडं लावायला मदत करत होते. उंच, काटक माणूस, हातात चार घड्यांचा गुलाबी कागद. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्याशी कसं बोलायचं हे मला शिकवलेलं होतं.

"अलका कोन? बायकोनी नाव सांगलान."

"मी."

"तुमी लोका वाचता, बोलता, चाय पिता. चांगला हाय. मना कशाला घेतला मदी?"

मी बोलायला लागले. खाडी, हक्क, संघटना, एकजूट. त्यानं ऐकून घेतलं, अगदी सभेत ऐकतात तसं. मग दळवींकडे वळला. "ह्या वहीन नाव लिवलान ना तिनी? दाखवा."

दळवींनी पान उघडून दिलं. बाळारामनं बोट ठेवून सावकाश वाचलं, पानावर लिहिलेला 'वाचनाची हजेरी' हा मथळाही वाचला. "इथं त वाचायला आल्याचा लिवलाय. भांडायला आल्याचा कुठं लिवलाय?"

दळवींनी माझ्याकडे बघितलं. मी गाईडांकडे.

तो गेल्यावर दळवी बराच वेळ सुतळी गुंडाळत बसले. मग म्हणाले, "ती वही वाचणाऱ्यांची होती गो. तू तिची मतदारयादी केलंस."

आणि मग बाकीची नावं आली. एकेक करून, दुकानाच्या दारात. त्या आठवड्यात गाईडांपेक्षा जास्त गर्दी त्यांची. सेक्रेटरी म्हणाले, "मला विचारायचं तरी होतं. उद्या माझ्यावर काही आलं तर?" बाय-लॉजवाले साहेब म्हणाले, "पेन्शनचा प्रश्न आहे हो." रडलेल्या प्राध्यापिका बाई म्हणाल्या, "आमचे हे तिकडेच पर्चेसमध्ये आहेत. आणि मुलाची बारावी आहे, घरात टेन्शन नकोय." बरोबर होतं त्यांचं. मी विचारलं नव्हतं. पण मला आजही राग येतो तो याचा, की त्यांच्यातल्या एकानंही विचारलं नाही, त्या बाईच्या नवऱ्याचं काय झालं? कळलं होतं सगळ्यांना. दळवी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. लोक "अरेरे" म्हणायचे आणि मग गाळायचं म्हणून स्वतःचं नाव स्पेलिंगसकट सांगायचे.

समितीनं खुलासा छापला. पांढऱ्या, जाड कागदावर. 'खालील मान्यवरांची नावे अनवधानाने...' तिचंही नाव खुलाशात घालायचं का, हे विचारायला मी सुमनताईच्या ओट्यावर गेले. या वेळी विचारायला गेले, बघा!

"माझा नाव काडून काय होनार?" ती म्हणाली. "ठेकेदार वाचनार आनि त्याला परत बोलवनार?"

"नाही."

"मंग राहू दे. वास त येतच होता."

म्हणून खुलाशानंतर त्या गुलाबी पत्रकावर दोनच नावं खरी उरली. तिचं आणि दळवींचं. एवढ्या मोठ्या शहरात.

पुढे काय? पुढे काही नाही. समितीकडे पुढचा मुद्दा आला, पुढचं पत्रक निघालं. बाळाराम तुर्भ्याच्या घाऊक बाजारात पाठीवर गोणी उचलायला लागला. ज्याच्या बापाची जमीन या शहराखाली गेली त्यानं त्याच शहराचे कांदे वाहायचे. परीक्षा संपल्यावर एप्रिलचं वाचन झालं. चक्की बंद राहिली, किटली आली, लोकही आले थोडे. पण वहीत कुणी नाव लिहिलं नाही. पेन दोरीला लटकत राहिलं. एकानं तर हसत विचारलं, "काका, हे नंतर कुठे छापून येणार नाही ना?" सगळे हसले. पुढच्या महिन्यात अर्धे बाक रिकामे. त्याच्या पुढच्या महिन्यात दळवींनी लेखकाला कार्डच टाकलं नाही. शनिवारी पाचला चक्की चालू राहिली तेव्हा शेठ बाहेर येऊन विचारून गेला, "काका, आज बंद नहीं?" दळवी म्हणाले, "नको. चालू दे." कविता मागच्या फळीवर गेल्या, मग माळ्यावर. दुकान आता चांगलं चालतं म्हणतात.

आणि स्मरणिकेला हवीये रम्य संध्या!

हे सगळं इथवर लिहिलं आणि परवा दुपारी कागद घेऊन तिच्या घरी गेले. या वेळी छापायच्या आधी. सुमनताई ओट्यावर सुपात जवळा निवडत बसली होती, बारीक कचरा, शिंपल्यांचे तुकडे वेगळे काढत. केस पांढरे व्हायला लागलेत. मी म्हटलं, "तुमच्यावर लिहिलंय. वाचून दाखवते. नको म्हणालात तर फाडून टाकते."

"वाच."

मी वाचत गेले. ती निवडत गेली. मध्येच हात थांबवायची. 'खाडीची लेक' असं मी एका ठिकाणी लिहिलं होतं. म्हणाली, "माझा बाप वेगला होता. ता काड." काढलं. तिची मान वर न करणं मी आधी 'लाजून' असं लिहिलं होतं. "लाजून कशाला? अक्षर लागत नव्हता माझाच मना." तेही काढलं. वही तिनं चुलीत घातली असणार, असा माझा अंदाज होता, तसं मी लिहिलंही होतं. ती हसली. "सिनेमा नको घालू. पोरीनी उरल्या पानांवर गनिता केली. कोरा कागद कोन जालतो?"

"आता लिहिता?"

"नाय."

"का?"

तिनं सूप पाखडलं. कचरा उडून अंगणात पडला. बाळाराम आत झोपला होता, त्याच्या पाठीला दुपारची झोप लागते, असं तिनं हळू आवाजात सांगितलं. मी पुढचं वाचलं, खुलाशापर्यंत, दोन नावांपर्यंत. ती थांबवून म्हणाली, "दोन कशी?"

"बाकीच्यांनी काढून घेतली ना."

"त्यांनी काडली. तुजा नाव होता का त्यान?"

मला उत्तर येत होतं. पत्रक लिहिणाऱ्याचं नाव पत्रकावर नसतं, तशी रीतच आहे, लिहिणारा मागे राहतो. खरं आहे ते. सगळ्या समित्यांत तसंच असतं. मी तसं सांगितलं. ती निवडत राहिली, आणि माझ्याकडे न बघता वाट बघत राहिली.

मग मी दुसरं सांगितलं. माझे बाबा सरकारी नोकरीत होते. त्यांना निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. घरात कुणी मला काही बजावलं नव्हतं. कुणी विषयसुद्धा काढला नव्हता. यादी उतरवताना त्या शनिवारच्या पानावर माझंही नाव होतं, माझ्याच अक्षरात, तिच्या नावाच्या खालीच. मी ते वगळून पुढे गेले.

सुमनताईनं निवडणं थांबवलं. सूप काखेत घेऊन उठली, उंबरा ओलांडून आत गेली. दार लोटलं नाही, उघडंच ठेवलं. आतून माठातलं पाणी पेल्यात ओतल्याचा आवाज आला. एक पेला, मग दुसरा.

मी पाण्यासाठी न थांबता चपला घातल्या आणि निघाले.